वाचकांचे प्रश्न : चेक इंजिनचा दिवा आणि खारा वारा

आगोटीच्या तोंडावर या सदरात चेन, ब्रेक आणि गळक्या सीटकव्हरची चर्चा चालते. या वेळी बहुतेक पत्रं एकाच विषयावरची आहेत: गाडीला जोडून मोबाइलवर बिघाड दाखवणारा ब्लूटूथ स्कॅनर घेतला, कोड (बिघाडाचा क्रमांक) दिसला, आता पुढे काय? विषय काळाला धरूनच आहे. १ एप्रिल २०२० ला धुराच्या प्रदूषणाचे बीएस-६ नियम आले आणि नव्या मोटरसायकलींतून कार्बोरेटर जवळपास गेला. १ एप्रिल २०२३ पासून दुचाकींनाही ओबीडी-२ चा टप्पा लागू झाला. म्हणजे बिघाड काय आहे ते गाडी सांगू लागली. फक्त ती ज्या भाषेत सांगते ती समजून घ्यावी लागते, आणि किनारपट्टीवर तर त्यात खाऱ्या वाऱ्याचा हेल मिसळलेला असतो.

प्रश्न : कारसाठी घेतलेला ब्लूटूथ ॲडॅप्टर मोटरसायकलला चालेल का? सहा पिनांची केबल वेगळी मागवली. ॲडॅप्टरचा दिवा लागतो, पण ॲप ‘ईसीयूशी (इंजिनच्या संगणकाशी) संपर्क नाही’ एवढंच म्हणतं. (दापोली)

चालायला हवा. पण केबल, भाषा आणि ॲप ही तिन्ही जुळावी लागतात, आणि बहुतेकांचं घोडं केबलवरच अडतं.

कारला सोळा पिनांचं सॉकेट असतं. बीएस-६ मोटरसायकलींत बहुधा सीटखाली, बॅटरीच्या शेजारी किंवा बाजूच्या पॅनेलमागे रबरी टोपी घातलेला छोटा कपलर असतो, बऱ्याच गाड्यांत सहा पिनांचा. ‘सहा पिन टू सोळा पिन’ नावाने मिळणाऱ्या केबली दिसायला सारख्या असल्या तरी आतल्या तारा वेगवेगळ्या क्रमाने जोडलेल्या असतात. म्हणून केबल गाडीला लावा, पण ॲडॅप्टर अजून लावू नका. मल्टिमीटर घेऊन सोळा पिनांच्या टोकाशी मोजणी करा. सॉकेटवर बहुधा बारीक आकडे कोरलेले असतात. १६ नंबरवर लाल प्रोब आणि ४ किंवा ५ वर काळी ठेवली की बॅटरीइतकंच व्होल्टेज दिसलं पाहिजे, म्हणजे साडेबाराच्या आसपास. तुमच्या ॲडॅप्टरचा दिवा लागतो आहे, म्हणजे हा भाग ठीक असणार.

पुढची तपासणी ६ आणि १४ या पिनांची. ‘कॅन’ ही ईसीयूची बोलण्याची लाइन, तिच्या कॅन-हाय आणि कॅन-लो या दोन तारा तिथे येतात. चावी बंद करून बॅटरीची निगेटिव्ह काढा आणि मीटर ओहमवर ठेवून या दोन पिनांमध्ये मोजा. साधारण ६० ओहम आले तर कॅनची जोडी शाबूत आहे आणि केबलही योग्य आहे. लाइनच्या दोन टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो, ते समांतर जोडले की ६० होतात. १२० दाखवलं तर एका टोकाचा संपर्क तुटलेला असू शकतो. काहीच दाखवलं नाही तर केबलचा क्रम चुकला आहे, किंवा तुमची गाडी कॅनवर न बोलता ‘के-लाइन’वर बोलते. ती तार ७ नंबरच्या पिनवर असते.

इथे ॲडॅप्टरचा प्रश्न येतो. ‘ईएलएम ३२७’ हे नाव बाजारात सगळ्यांच्या डबीवर छापलेलं असतं. ही चिप बनवणारी मूळ कॅनेडियन कंपनी २०२२ मध्येच बंद झाली, तेव्हा हातात येते ती बहुधा नक्कल. काही नकला कॅन बोलतात पण के-लाइन बोलत नाहीत, आणि ‘आवृत्ती २.१’ लिहिलेल्यांबद्दल ही तक्रार फार असते. परत घेईल अशाच दुकानातून घ्या. आयफोन असेल तर वायफाय किंवा लो एनर्जी ब्लूटूथवाला लागतो, साधा ब्लूटूथवाला जोडलाच जात नाही.

एवढं जुळल्यावर चावी ऑन करा, किल स्विच ‘रन’वर ठेवा आणि इंजिन बंदच असू द्या. किल स्विच बंद असेल तर कित्येक गाड्यांत ईसीयूला वीजच जात नाही, आणि माणूस तासभर ॲपला शिव्या देत बसतो. ॲपमध्ये प्रोटोकॉल ‘ऑटो’वर ठेवून जमलं नाही तर हाताने ‘कॅन, ११ बिट, ५०० केबीपीएस’ निवडून पाहा. तरीही नाही जमलं तर निर्मात्याने स्वतःची वेगळी भाषा ठेवली असण्याची शक्यता मोठी. मग साधं ॲप सोडून त्या कंपनीच्या गाड्यांसाठी बनवलेला हातातला स्कॅनरच लागतो. एकाच घरच्या गाडीसाठी तो घेणं परवडत नाही. आळीतल्या चार-पाच जणांनी वर्गणी काढली तर वेगळी गोष्ट.

प्रश्न : लिक्विड कूल्ड गाडी आहे. पी०११८ कोड येतो, इंजिन थंड असतानाही रेडिएटरचा फॅन सुरू होतो. गॅरेजमध्ये ‘टेंपरेचर सेन्सर गेला, बदला’ म्हणाले. सेन्सर बदलला, आठवडाभराने तोच कोड परत. (गुहागर)

तुमचा पहिला सेन्सर बहुधा निर्दोष होता. कोडचं नाव नीट वाचलं तर ते आहे ‘कूलंट टेंपरेचर सर्किट, हाय’. त्यात सर्किट म्हटलं आहे. सेन्सर हा त्या सर्किटमधला एक तुकडा, बाकी दोन तारा, एक कपलर आणि ईसीयूचा कपलर. कोकणात या चौघांपैकी आधी सडतो तो कपलर.

हा सेन्सर म्हणजे गरम झाला की ज्याचा रेझिस्टन्स उतरतो असा रेझिस्टर. ईसीयू त्याला ५ व्होल्ट पाठवतो आणि किती उरले ते पाहतो. तार तुटली किंवा कपलरमध्ये संपर्क राहिला नाही की पूर्ण ५ व्होल्ट दिसतात, आणि ईसीयूला वाटतं बाहेर भयंकर थंडी आहे. म्हणून ॲपच्या लाइव्ह डेटात (सेन्सरांच्या चालू आकड्यांत) कूलंटचं तापमान उणे ४० दिसतं. गुहागरात उणे ४०! हा आकडा दिसला की समजायचं, सर्किट उघडं आहे. फॅन सतत फिरतो कारण खरं तापमान कळत नाही म्हटल्यावर इंजिन तापू नये म्हणून ईसीयू तो सुरू ठेवतो. याची उलट बाजू पी०११७: तार सोलून बॉडीला टेकली की व्होल्टेज शून्याकडे जातं आणि ॲप सव्वाशे-दीडशे अंश दाखवतं.

आता हे हाताने पाहू. सकाळी, गाडी रात्रभर उभी राहिलेली असताना, चावी ऑन करून इंजिन न लावता दोन आकडे शेजारी ठेवा: कूलंटचं तापमान आणि आत जाणाऱ्या हवेचं. रात्रभर थंड झालेल्या गाडीत दोन्ही जवळपास सारखे हवेत, दोन-तीन अंशांचा फरक चालेल. हवा २७ आणि कूलंट उणे ४० असेल तर चावी बंद करून सेन्सरचा कपलर काढा. खटका दाबून कपलरचं प्लॅस्टिक ओढायचं, तारा ओढायच्या नाहीत.

आत उजेड टाकून पाहा. पिन करड्या-चकचकीत असाव्यात. पितळेच्या भांड्यात ताक कळकावं तशी हिरवट-पांढरी भुकटी दिसली तर चोर सापडला. दिसली नाही तरी पुढची चाचणी करा. वायरिंगच्या बाजूच्या कपलरमधल्या दोन्ही पिना बारीक तारेच्या तुकड्याने जोडा आणि चावी ऑन करा. ॲपमधला आकडा उणे ४० वरून उडी मारून वरच्या टोकाला गेला तर तारा आणि ईसीयू ठीक आहेत, दोष कपलरच्या संपर्कात किंवा सेन्सरमध्ये. उणे ४० वरच चिकटून राहिला तर तार कुठेतरी तुटली आहे. पावसाळ्यात आधी टाकीखाली आणि एअर फिल्टरच्या पेटीमागे पाहा, उबेला आलेल्या उंदरांचं काम तिथे असतं.

हा पिना जोडण्याचा प्रयोग फक्त दोन तारांच्या तापमान सेन्सरवर करायचा. थ्रॉटल पोझिशन (मूठ किती पिळली ते सांगणारा) किंवा मॅनिफोल्ड प्रेशर (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब सांगणारा) सेन्सरच्या तीन तारांच्या कपलरमध्ये अशी तार घातली तर ५ व्होल्टची लाइन जमिनीला टेकेल आणि एकाचे चार कोड होतील.

सेन्सर तपासायचा तर काढलेल्या सेन्सरच्या दोन पिनांत ओहम मोजा. बहुतेक गाड्यांत थंड असताना दोन-अडीच किलोओहम आणि इंजिन तापल्यावर काहीशे ओहम येतात. नेमका आकडा तुमच्या मॉडेलच्या पुस्तिकेत पाहा. तुमचा काढून ठेवलेला जुना सेन्सर गरम पाण्याच्या पेल्यात धरून मोजा, आकडा सुरळीत उतरत गेला तर तो जपून ठेवा, कामाचा आहे.

कपलर साफ करायला कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा आणि मऊ नायलॉनचा ब्रश लागतो. पॉलिश पेपर इथे नको, पिनांवरचा कथिलाचा मुलामा जाईल आणि पुढच्या पावसात दुप्पट गंज येईल. पेट्रोल नको, रबराचं सील फुगतं. कोरडं झाल्यावर मादी पिन सैल झाली आहे का पाहा. नर पिन तिच्यात सरकवताना थोडी पकड जाणवली पाहिजे. सैल असेल तर सुईने तिची जीभ हलकीशी उचला. मग डायइलेक्ट्रिक ग्रीसचा मुगाएवढा थेंब रबरी सीलला लावा आणि कपलर ‘टक’ वाजेपर्यंत बसवा. कपलर ग्रीसने लिंपून टाकायचा नाही.

शेवटी इंजिन चालू ठेवून लाइव्ह डेटाकडे पाहत ती तार आणि कपलर हलके हलवा. आकडा क्षणभरही उणे ४० ला गेला नाही, तर कोड खोडा. खोडण्याआधी कोड आणि ‘फ्रीझ फ्रेम’मधले आकडे, म्हणजे कोड पडला त्या क्षणीचं आरपीएम, तापमान आणि वेग, वहीत लिहून ठेवा. खोडल्यावर ते परत मिळत नाहीत.

प्रश्न : गाडी धुवक नेली काय परत येताना चेक इंजिनचो दिवो लागता. दोन दिस उन्हात ठेयली काय आपसूक जाता. शोरूमवाले म्हणतत, कोड नाय. मगे ह्यो काय प्रकार? (मालवण)

पाणी कपलरात शिरतं आणि उन्हाने वाळतं, एवढाच प्रकार. वॉशिंग सेंटरच्या प्रेशर गनचं पाणी रबरी सीलच्याही आत घुसतं. दिवा गेल्यावर स्कॅन केलं तर ‘चालू’ कोडांच्या यादीत काही दिसत नाही. ॲपमध्ये ‘पेंडिंग’ आणि ‘हिस्टरी’ अशा वेगळ्या याद्या असतात, तिथे तो सापडेल. त्याहून उत्तम म्हणजे दिवा लागलेला असताना, घरी पोचल्या पोचल्या स्कॅन करा. जो कोड मिळेल त्याच्याच सर्किटचा कपलर उघडून वर सांगितल्याप्रमाणे साफ करा. सगळी गाडी उघडायची गरज नाही.

बादली, स्पंज आणि नळाचं साधं पाणी, एवढ्यावर गाडी स्वच्छ होते. फेरीबोटीतून नेहमी ये-जा असेल किंवा गाडी किनाऱ्यालगत उभी राहत असेल तर धुणं टाळू नका, फक्त प्रेशर टाळा. जांभ्याची लाल धूळ आणि मीठ एकत्र बसलं की ते हवेतला ओलावा धरून ठेवतं.

प्रश्न : मी मुंबईत असतो. गावच्या घरी पडवीत मोटरसायकल असते, ती शिमगा, मे महिना आणि गणपतीतच चालते. दर वेळी बॅटरी उतरलेली. दोन वर्षांत दोन बॅटऱ्या झाल्या. गाडीत गळती आहे का, ते घरी कसं पाहायचं? (रत्नागिरीजवळचं गाव)

गळती म्हणजे चावी बंद असताना वाहणारा करंट, आणि ती प्रत्येक फ्यूएल इंजेक्शन गाडीत थोडी असतेच. किती, ते मल्टिमीटरने दहा मिनिटांत कळतं. चावी बंद करा. बॅटरीची निगेटिव्ह तार सोडा. मीटरची लाल वायर १० अँपिअरच्या भोकात घाला, मीटर डीसी अँपिअरवर ठेवा. एक प्रोब सोडलेल्या तारेला आणि दुसरी बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीला लावा. अर्धा मिनिट थांबा, ईसीयू झोपायला थोडा वेळ घेतो. आकडा फार लहान आहे असं दिसलं तरच मिलिअँपिअरच्या भोकावर जा. मध्येच चावी ऑन केली किंवा सेल्फ मारला तर मीटरचा फ्यूज उडाला म्हणून समजा.

साध्या गाडीत एक-दोन मिलिअँपिअर दिसतील, घड्याळ आणि ब्लूटूथचा मीटर असेल तर थोडे जास्त. दहाच्या वर दिसले तर एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला आकडा कोसळतो त्या लाइनवर चोर आहे. बहुतेक वेळा तो बाहेरून बसवलेला असतो: जीपीएस ट्रॅकर, मोबाइल चार्जर, ॲलार्म.

हिशेब करून पाहा. १० मिलिअँपिअर म्हणजे दिवसाला ०.२४ अँपिअर-अवर. ४ अँपिअर-अवरची बॅटरी सोळा-सतरा दिवसांत पूर्ण रिकामी. २ मिलिअँपिअर असेल, म्हणजे गाडी निर्दोष असेल, तरी तीन महिन्यांच्या आत तेच. मे महिन्यात उभी केलेली गाडी गणपतीपर्यंत टिकणार कशी? दोष बॅटरीचा नव्हता. उतरलेल्या अवस्थेत महिनोन् महिने पडली की आतल्या पट्ट्यांवर सल्फेट घट्ट बसतं, ते चार्ज करून जात नाही.

तेव्हा गावाहून निघताना निगेटिव्ह तार काढून ठेवा, एवढ्याने अर्धं काम होतं. घरात कोणी असेल तर महिन्यातून एकदा मोटरसायकलचा स्मार्ट चार्जर लावायला सांगा. ४ अँपिअर-अवरच्या बॅटरीला चार्जिंग करंट ०.४ अँपिअरच्या आसपास हवा. कारचा पाच अँपिअरचा चार्जर तिला उकळवतो. चार्ज करून चार तास ठेवल्यावर १२.६ ते १२.८ व्होल्ट दाखवले तर बॅटरी भरली. १२.४ म्हणजे पाऊण भरलेली, १२.० म्हणजे जवळपास तळ.

आणखी दोन मोजण्या करून ठेवा. सेल्फ मारताना बॅटरीच्या खुंट्यांवर व्होल्टेज १० च्या खाली जाऊ नये. इंजिन चार-पाच हजार आरपीएमवर असताना १४ ते १४.८ यावं. १५ च्या वर गेलं तर बॅटरीला जाणारी वीज आवाक्यात ठेवणारा रेग्युलेटर-रेक्टिफायर बिघडला आहे, बॅटरी फुगेल आणि ॲपमध्ये पी०५६३ येऊ शकतो. १३ च्याही खाली राहिलं तर चार्जिंग होत नाही. तेव्हा स्टेटरच्या (इंजिनातल्या वीज बनवणाऱ्या वेटोळ्याच्या) तिन्ही तारांचा कपलर आधी पाहा, तिथे करपलेलं काळं प्लॅस्टिक हमखास सापडतं. तो काढून स्टेटरच्या बाजूच्या तारांत दोन-दोन करून एसी व्होल्ट मोजा. तिन्ही जोड्यांत आकडा सारखा यायला हवा आणि कुठल्याही तारेचा बॉडीशी संपर्क नसावा. ही मोजणी चालू इंजिनावर होते, उघड्या टोकांना हात लावू नका, तिथे पन्नासाच्या वर व्होल्ट असू शकतात.

अर्थिंगचीही, म्हणजे इंजिन आणि बॅटरीच्या निगेटिव्हमधल्या जोडणीचीही, परीक्षा घ्या. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा, लाल प्रोब इंजिनच्या उघड्या बोल्टवर, काळी बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर, आणि सेल्फ दाबा. ०.२-०.३ व्होल्टच्या आत असेल तर अर्थिंग चांगलं. अर्धा व्होल्ट आला तर इंजिनला बसलेला अर्थिंगचा बोल्ट काढून पॉलिश पेपरने धातू उघडा करा (इथे पेपर चालतो) आणि आवळल्यावर वरून ग्रीस लावा. किनाऱ्यावर सेल्फ रडतो तेव्हा बॅटरीइतकाच संशय या बोल्टवर घ्यावा.

प्रश्न : गाडी बीएस-४ मधली फ्यूएल इंजेक्शनवाली आहे. ॲडॅप्टर लागत नाही. कोड कळण्याचा दुसरा मार्ग? (मुरूड)

दिव्याची उघडझाप मोजा. अशा बऱ्याच गाड्यांत चेक इंजिनचा दिवा कोड लुकलुकवतो. होंडाच्या पद्धतीत लांब लुकलुक म्हणजे दहा आणि आखूड म्हणजे एक. एक लांब आणि दोन आखूड म्हणजे १२, इंजेक्टरचं सर्किट. नुसत्या सात आखूड म्हणजे तापमानाचा सेन्सर, आठ म्हणजे थ्रॉटल पोझिशन, नऊ म्हणजे आत येणाऱ्या हवेचं तापमान, दोन लांब आणि एक आखूड म्हणजे (धुरातला ऑक्सिजन मोजणारा) ऑक्सिजन सेन्सर. यामाहाच्या काही गाड्या तर मीटरवर थेट आकडा दाखवतात; ३० दिसला तर गाडी आडवी झाल्याचं तिला वाटतं आहे. चावी बंद-चालू केली की बहुधा प्रश्न मिटतो.

डोळ्यांनी मोजायला जाऊ नका, चुकतं. मोबाइलवर व्हिडिओ काढा आणि हळू करून पाहा. जुने साठलेले कोड वाचण्यासाठी एक ठरावीक कपलर जोडावा लागतो. तो कुठला, हे त्या मॉडेलच्या पुस्तिकेतूनच घ्या, अंदाजाने तारा जोडू नका.

प्रश्न : पाऊस सुरू झाला की गाडी मिसिंग मारते, उघड्यावर झटके खाते. ॲपवर एकही कोड नाही. प्लग बदलून झाला. (देवगड)

कोड नसणं हासुद्धा एक पुरावा आहे. विजेचं सर्किट जागेवर असलं की ईसीयू गप्प बसतो. पेट्रोलमध्ये पाणी आहे हे त्याला थेट कळत नाही, आणि तुमचं लक्षण तिकडेच बोट दाखवतं.

आता पंपांवर ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, मिळतं. त्यातलं इथेनॉल पाणी ओढून घेतं. मर्यादेपर्यंत ते विरघळून राहतं, मर्यादा ओलांडली की इथेनॉल आणि पाणी मिळून वेगळं होऊन तळाशी बसतं, आणि पंप तळातूनच ओढतो. टाकीतलं पेट्रोल पारदर्शक काचेच्या बाटलीत शंभर मिलिलिटर घ्या आणि पंधरा मिनिटं हलवू नका. गढूळ दिसलं किंवा तळाशी वेगळा थर आला तर टाकी पूर्ण रिकामी करून कोरडी करावी लागेल. नव्या पेट्रोलने पातळ करून भागत नाही.

पाणी शिरतं कुठून? झाकणाच्या कड्याभोवती पावसाचं पाणी साठतं, ते जाण्यासाठी तिथे बारीक छिद्र असतं आणि खाली नळी. धुळीने ते छिद्र बुजलं की पाणी तुंबतं, आणि झाकण उघडल्याबरोबर आत पडतं. मासेमारीच्या तंगुसाचा तुकडा त्या छिद्रातून सारा, पेलाभर पाणी ओता, आणि खाली गाडीखाली थेंब पडतात का पाहा. पागोळ्यांखाली गाडी उभी करत असाल तर जागा बदला.

पेट्रोल स्वच्छ निघालं तर लाइव्ह डेटाकडे या. इंजिन पूर्ण तापल्यावर ऑक्सिजन सेन्सरचा आकडा ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये सतत वरखाली नाचला पाहिजे. तो ०.२ च्या खालीच पडून राहिला आणि ‘शॉर्ट टर्म फ्यूएल ट्रिम’ (ईसीयूने पेट्रोलच्या प्रमाणात केलेली तात्पुरती वाढ-घट) अधिक १० टक्क्यांच्या वर चढला, तर मिश्रणात पेट्रोल कमी पडतं आहे. इंजेक्टर तुंबलेला असेल, पंपाचा दाब कमी असेल, किंवा थ्रॉटल बॉडीच्या रबरातून फुकटची हवा आत येत असेल. चावी ऑन केल्यावर पंपाचा दोन-तीन सेकंद ‘झूं’ आवाज येतो का ऐका. रबराला भेग आहे का पाहायला चालू इंजिनावर साबणाच्या पाण्याचा हलका फवारा मारा. आरपीएम बदललं तर भेग तिथेच. दोन्ही आकडे ठीक असूनही फक्त ओल्या हवेत मिसिंग येत असेल, तर प्लगची टोपी आणि हायटेन्शन वायर. रात्री अंधारात, वायरवर थोडं पाणी शिंपडून इंजिन चालू ठेवलं की निळी ठिणगी बाहेर उडताना दिसते. हात लांब ठेवा.

प्रश्न : लाइव्ह डेटात पंचवीस-तीस आकडे येतात. घरच्या माणसाने कुठले पाहावेत? (सावंतवाडी)

बॅटरी व्होल्टेज, तापमानाचे दोन, थ्रॉटल, ऑक्सिजन आणि मॅनिफोल्ड प्रेशर. बाकी सोडून द्या.

थ्रॉटलचा आकडा मूठ सोडलेली असताना बहुधा अर्ध्या-पाऊण व्होल्टच्या आसपास आणि पूर्ण पिळल्यावर साडेचारजवळ असतो. इंजिन बंद ठेवून मूठ अगदी हळू पिळा. आकडा मध्येच कोसळून परत आला तर सेन्सरची पट्टी तिथे झिजली आहे, आणि त्याच जागी गाडी चालताना अडखळत असणार.

मॅनिफोल्ड प्रेशर तपासायला कोकणासारखी जागा नाही. चावी ऑन, इंजिन बंद असताना हा सेन्सर बाहेरच्या हवेचा दाब दाखवतो. समुद्रसपाटीला तो १०१ किलोपास्कलच्या आसपास, पावसाळ्यात एक-दोन कमी. वेंगुर्ल्याच्या बंदरावर ९२ दाखवला तर सेन्सर खोटं बोलतो आहे. आंबोली सुमारे ६९० मीटर उंचीवर आहे. घाट चढून तिथे थांबलात, इंजिन बंद करून चावी परत ऑन केलीत, तर आकडा ९३ च्या जवळ यायला हवा. दोन ठिकाणी दोन बरोबर उत्तरं मिळाली की त्या सेन्सरवर संशय घ्यायचं कारण उरत नाही.

प्रश्न : चेन साफ करायला गाडी सेंटर स्टँडवर लावून मागचं चाक गिअरमध्ये फिरवलं, तर एबीएसचा दिवा लागला. ॲपवर काही दिसत नाही. (चिपळूण)

मागचं चाक फिरतं आहे आणि पुढचं उभं आहे, हे एबीएसला (चाक जाम होऊ न देणाऱ्या ब्रेकच्या यंत्रणेला) पटत नाही, म्हणून त्याने दिवा लावला. चावी बंद करून परत चालू करा आणि थोडं अंतर चालवा, जाईल. यापुढे चेन साफ करताना इंजिन बंद ठेवून चाक हातानेच फिरवा. चालत्या चेनमध्ये चिंधी आणि बोट दोन्ही अडकतात.

साधं ॲप इंजिनचे ‘पी’ कोड वाचतं, एबीएसचे ‘सी’ कोड बहुधा त्याच्या आवाक्याबाहेर असतात. रस्त्यावर चालवूनही दिवा गेला नाही तर चाकाजवळची भोकांची चकती आणि तिच्यासमोरचा सेन्सर पाहा. लाल चिखल आणि ब्रेकची पूड तिथे थापली जाते. ओल्या फडक्याने पुसा, टोकदार काही घालू नका. सेन्सरची तार फोर्कला घासून सोलली आहे का तेही पाहा. एवढ्याने भागलं नाही तर ते काम सर्व्हिस सेंटरचं, ब्रेकवर प्रयोग नकोत.

प्रश्न : ॲडॅप्टर गाडीतच लावून ठेवला तर चालेल? आणि तारेत टाचणी टोचून व्होल्टेज पाहतात ते बरोबर का? (अलिबाग)

पहिल्याला नको. चावी बंद असतानाही तो तीस-चाळीस मिलिअँपिअर खातो, छोटी बॅटरी आठवडाभरात झोपते. दुसऱ्याला तर अजिबात नको. टाचणीच्या भोकातून खारट ओलावा आत जातो, तांबं आतल्या आत हिरवं पडत जातं, आणि वर्षभराने तार बाहेरून धडधाकट दिसत असताना आतून तुटलेली निघते. मोजायचं तर कपलरच्या मागच्या बाजूने, रबरी सीलच्या कडेने बारीक प्रोब सरकवून मोजा. आधी कधी टोचून ठेवलं असेल तर त्या जागी हीट श्रिंक नळीचा तुकडा चढवा. आत गोंद असलेली नळी मागा, साधी नको.